आत्यानं शब्द दिला!

राक्षस घालवायला काय लागतं, असं आत्याला कुणी विचारलं, आणि न विचारताही ती सांगायचीच, तर तिचं उत्तर ठरलेलं असे.

"तोंड!"

मंत्र नाही, रिंगण नाही, राख नाही. तोंड! आणि ते आपल्याला भरपूर मिळालेलं आहे, याबद्दल आत्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्याही मनात नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या लाँड्रीच्या बॉयलरमधून राक्षस निघाला, ही हकिकत आता तिथल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ आहे. ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांनी आत्याकडे कधी शर्ट टाकलेला नसणार. तर त्यांच्यासाठी थोडक्यात. थोरली आणि धाकटा ही आत्याची भाचरं. थोरलीनं नुकती विशी गाठलेली. धाकट्याला मिशी फुटली की नाही यावर घरात मतभेद. त्यांचे आईबाप, म्हणजे आत्याचा भाऊ आणि भावजय, कायम फिरतीवर. कुणाच्या तळघरात, कुणाच्या लिफ्टमध्ये राक्षस शिरला की जाऊन त्याला बांधायचं, हे त्यांचं काम. विद्या भावजयीच्या माहेरची. आत्याच्या घराण्यात असले धंदे कुणी केले नव्हते. तिच्या घराण्यात सगळे सरळमार्गी, कपडे धुणारे!

त्या विद्येची अट एकच. घरातल्या दोघांनी हातात हात धरायचा आणि एका श्वासात, एका सुरात मंत्र म्हणायचा. भाऊबहीण आणि एका सुरात! मांजर आणि मासा एका ताटात जेवतील एक वेळ! तरी गेल्या वर्षी मरणाच्या भीतीनं दोघांचा सूर एकदाचा लागला, आणि राक्षस निमूटपणे दुकानाच्या दारातून बाहेर पडला. दारात आत्या उभी होती, हातात झाडू घेऊन. म्हणून श्रेय कुणाचं? अर्थात आत्याचं!

"मंत्रानं नाही गेला तो," ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "माझ्याकडे बघून गेला!"

गिऱ्हाईक एकदा आत्याकडे बघायचं आणि लगेच मान डोलवायचं.

आता इतक्या तिखट जिभेच्या बाईची लाँड्री चालायची कशी, असं वाटेल. तर तिथेच तिची हुशारी होती. दुकानात गिऱ्हाइकाला काय वाटेल ते बोलायची. "हा डाग आहे की नकाशा?" "कॉलर धुवायची की पुरायची?" पण तो पायरी उतरायला लागला की आवाजात असा काही सायीसारखा मऊपणा यायचा, की भांडून निघालेलं माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठोडं घेऊन हजर! "या हं परत!" बस्स, एवढंच. आणि कपडे तयार नसले तर जोडीला आणखी एक वाक्य: "आज रिकाम्या हाती पाठवतेय, पुढच्या खेपेला नाही पाठवायची. या हं!" इतकी वर्षं म्हणून म्हणून ते तिच्या जिभेनं परस्पर म्हणायला सुरुवात केली होती. आत्याला विचारायचीसुद्धा नाही जीभ! चुकीचा नंबर लागलेल्या माणसाला फोनवर "या हं" म्हणून झालं होतं. पाकीट मारून पळणाऱ्या चोराला म्हणून झालं होतं. समोरचा घड्याळवाला गाळा बंद करून कायमचा निघाला, शटर ओढलं, त्यालाही म्हणून झालं. तो बिचारा हमसून रडला.

असो. त्या दुपारी हॉटेलच्या चादरी होत्या.

म्हणजे डोंगर! मोठ्या हॉटेलचं पहिलंच काम. पांढऱ्याशुभ्र चादरी, उशांचे अभ्रे, वेटरचे कोट. मॅनेजर स्वतः न्यायला येणार होता. थोरली लांब टेबलावर इस्त्री करत होती, धाकटा चादरीचं दुसरं टोक धरून घडीला उभा होता, आणि घडी आधी उभी घालायची की आडवी, यावरून दोघांचं जुंपलं होतं.

"उभी!"

"आडवी! मागच्या वेळी उभी घातली तर कोपरे जुळले नाहीत."

"कोपरे तू धरले होतेस म्हणून नाही जुळले."

"दोघांचेही कान जुळवीन एकमेकांना!" आत्या काउंटरवरून ओरडली. "आणि बॉयलर शिट्टी का मारतोय बघा जरा."

बॉयलर शिट्टी मारत नव्हता. बॉयलर घसा खाकरत होता.

मग झाकणाच्या फटीतून वाफ निघाली. निघाली ती निघतच राहिली. वर चढली, छताला टेकली, तिला खांदे फुटले, मान फुटली, आणि इस्त्रीच्या दिव्यासारखे दोन लाल डोळे लागले. थोरलीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि खाली हॉटेलच्या चादरीचा जळका वास यायला लागला.

"नमस्कार आत्याबाई," राक्षस म्हणाला. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री टेकावी तसा आवाज. "आलो."

आत्याच्या पायातलं बळ गेलं. पण पाय काउंटरच्या मागे होते, कुणाला दिसले नाहीत. तोंड काउंटरच्या वर होतं.

"आलास? तुला बोलावलं होतं कुणी?"

"हो," राक्षस म्हणाला.

मग थोरली सावकाश धाकट्याकडे वळली.

"मी नाही!" धाकटा किंचाळला. "तूच गेल्या वर्षी शेवटचा शब्द गिळलास!"

"मी? तू तोतरेपणा केलास मधेच!"

"माझ्या भावजयीच्या माहेरची विद्या!" आत्यानं संधी सोडली नाही. "अर्धवट! तिची आई स्वयंपाकसुद्धा अर्धाच करायची."

"भांडू नका," राक्षस अदबीनं म्हणाला. "कुणी बोलावलं ते मी सांगणार नाही. आमच्यात यजमानाला उघडं पाडत नाहीत. बोलावल्याशिवाय आम्हाला येता येत नाही, आणि दिलेलं वचन आम्हाला मोडता येत नाही. या वेळी रिकाम्या हाती जायचं नाही, असं मला वचन मिळालंय. घरातलं काहीतरी न्यायचंय." लाल डोळे फिरत फिरत धाकट्यावर थांबले. "हा चालेल."

"चालेल म्हणजे?" थोरलीचा आवाज चिरकला.

"बॉयलरचा काटा खाली आला की निघू आम्ही दोघं."

सगळ्यांनी बॉयलरकडे पाहिलं. दाबाचा काटा, जो सकाळपासून वर चिकटून बसलेला असायचा, तो हळूहळू खाली सरकत होता. थोरलीनं धावत जाऊन ज्वाला वाढवायची चावी फिरवली. ज्वाला विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. कुणीतरी फुंकर मारल्यासारखी.

"आत्या," धाकटा एकदम बारीक आवाजात म्हणाला, "माझी बोटं बघ."

त्याच्या बोटांच्या टोकांतून वाफ निघत होती. निघत होती म्हणजे, बोटंच वाफ होत होती! नखं गेली, पेरं गेली. चहाच्या कपावरची वाफ असते ना, तसा त्याचा हात हवेत वळवळत होता.

"हात दे लवकर! मंत्र!" थोरलीनं त्याचं उरलंसुरलं मनगट पकडलं. "तीन म्हटलं की सुरू. एक, दोन, तीन..."

धाकटा सुरू झाला. थोरली नाही.

"तीनवर नाही रे, तीन झाल्यावर!"

"तू म्हणालीस तीन म्हटलं की!"

"म्हटलं की म्हणजे म्हणून झालं की!"

तेवढ्यात मनगट तिच्या मुठीतून निसटलं. सुटलं नाही. विरघळलं. ती रिकाम्या ओल्या मुठीकडे बघत राहिली. आता हात धरायला हातच उरला नव्हता.

"याला बाहेर काढते," ती पुटपुटली. "दाराबाहेर..."

"बाहेर वारा आहे," राक्षस कळकळीनं म्हणाला. "विरून जाईल पोरगं."

आत्यानं बाह्या सरसावल्या. तिला धाप लागली होती, कपाळावर घाम होता, पण आयुष्यभर ज्या वेळेसाठी तिनं जीभ परजून ठेवली होती ती वेळ आली होती.

"व्हा बाजूला. तुमच्या मंत्राचं झालं ना? आता बघा!" ती राक्षसासमोर उभी राहिली आणि डोंगर दाखवावा तसं दाराकडे बोट केलं. "मेल्या, चालता हो!"

राक्षसानं विचार केला. तो आतापर्यंत तरंगत होता. त्याच्या वाफेच्या बुडाला सावकाश दोन पाय फुटले. चांगले भलेथोरले. आणि तो चालता झाला! टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, इस्त्री केलेल्या चादरींवरून, ओली पावलं उमटवत.

"झालो," तो म्हणाला. "अजून किती चालू?"

"अरे, तोंड काळं कर म्हणते मी!"

"करतो." त्यानं धुराड्यात हात घातला, काजळीचा ओंजळभर लपका काढला आणि तोंडाला फासला, आत्या पावडर लावते तसा नीट, कानामागेसुद्धा. काळा झालेला हात पुसायला त्याला वेटरचा पांढरा कोट दिसला.

"तो नको! तो नको!" थोरली धावली.

"आत्या, माझी कोपरं गेली!" धाकटा ओरडला.

आत्याला आता काही सुचेनासं झालं होतं. काटा अर्ध्यावर आला होता. इतकी वर्षं जी वाक्यं ऐकून धडधाकट माणसं पायरीवरून उड्या टाकत होती, ती हा मेला ऐकत होता आणि पाळत होता! जोर कमी पडतोय, एवढंच तिला कळलं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"गाशा गुंडाळ तुझा!"

"माझा इथे नाही," राक्षस म्हणाला. "पण तुमचा गुंडाळतो."

आणि त्यानं टेबलावरची घोंगडी, वरच्या चादरी, अभ्रे, कोट आणि कोट वाचवायला वाकलेली थोरली, असं सगळं मिळून एक सुरेख वळकटी केली! वळकटीच्या एका टोकातून थोरलीची वेणी बाहेर आली होती आणि दुसऱ्या टोकातून एक चप्पल. मधून आवाज येत होता. काय म्हणत होती ते कळत नव्हतं, पण आत्याचीच भाची, त्यामुळे अंदाज येत होता.

"आत्या!" धाकटा रडायलाच लागला. "खांदे!"

वळकटी ओरडत होती, धाकटा रडत होता, बॉयलर कण्हत होता. आत्याचा तोल गेला. डोक्याला हात लावून ती त्या दोघांवर ओरडली, "घ्या! घ्या घर डोक्यावर!"

तुम्ही आम्ही असतो तर गप्प झालो असतो. राक्षस म्हणाला, "बरं," आणि फरशीच्या फटींतून खाली झिरपला.

पहिल्यांदा हँगर हलले. मग काउंटरवरच्या टाचण्यांचा डबा घरंगळला. मग खिडकीतून दिसणारा रस्ता हळूच खाली गेला, जसा काही लिफ्टमध्ये बसून. वरच्या मजल्यावर भांडी पडल्याचा आवाज झाला. आख्खं घर, खाली लाँड्री, वर खोल्या, गच्चीवरच्या दोरीसकट, राक्षसानं डोक्यावर घेतलं होतं!

आणि तेव्हाच हॉटेलचा मॅनेजर आला.

तो रस्त्यावर उभा होता, टाय सारखा करत. दुकानाची पायरी त्याच्या छातीला लागत होती. त्यानं एक पाय उचलून पाहिला. मग खाली ठेवला.

"बाई! तुमची पायरी..."

"नवीन बसवतोय!" आत्या दारातून वाकून ओरडली. "पावसाचं पाणी आत येतं!"

"इतकी उंच?"

"पाऊस मोठा असतो!"

मॅनेजरनं आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. "चादरी तयार आहेत ना? रात्री पाहुणे आहेत."

आत्यानं मागे वळून पाहिलं. वळकटी भिंतीवर डोकं आपटत होती. धाकटा आता छातीपासून वर पोरगा आणि खाली धुकं असा तरंगत होता. काटा तळाशी जायला बोटभर उरला होता. आत्याच्या डोक्यात काहीही शिल्लक नव्हतं. आणि डोक्यात काही नसलं की तिची जीभ आपली आपण काम करायची. आवाज मऊ झाला, मान कलली, आणि ती मॅनेजरला म्हणाली, "आज रिकाम्या हाती पाठवतेय, पुढच्या खेपेला नाही पाठवायची. या हं!"

"अगदी असंच!" फरशीखालून आवाज आला, आनंदानं भरलेला. "गेल्या वर्षी मला म्हणालात ना, अगदी असंच!"

मॅनेजर गेला. का गेला, कसा गेला, कुणी पाहिलं नाही. घरात एवढी शांतता झाली की टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचण्या आधीच पडल्या होत्या, म्हणून काहीच ऐकू आलं नाही.

"ठेव," आत्या पुटपुटली. "घर खाली ठेव."

घर टेकलं. राक्षस फरशीतून वर आला, तोंड अजून काळंच. वळकटीतून धडपडत थोरली निघाली. केस विस्कटलेले, गालावर इस्त्रीच्या घडीची रेघ. ती आत्याकडे बघत राहिली. उरलेला धाकटाही आत्याकडे बघत राहिला.

"आत्या," थोरली अगदी हळू म्हणाली, "तू त्याला 'या' म्हणालीस?"

"सवयीनं..."

"राक्षसाला?"

"दारातून कुणी बाहेर पडत होतं! माझं लक्ष होतं का कोण आहे ते? झाडू होता हातात माझ्या!"

"आणि वर्षभर आईच्या माहेराला..."

"आता माहेर राहू दे तिचं!" आत्या कडाडली, पण त्या कडाडण्यात पाणी होतं. ती झटक्यानं राक्षसाकडे वळली. "ऐक. मी बोलावलं ना? माझी चूक. आता मीच सांगते. जा!"

"जातो की," राक्षस म्हणाला. "काटा टेकला की लगेच. पण रिकाम्या हाती कसा जाऊ? वचन आहे."

"या चादरी ने!"

"त्या दुसऱ्याच्या. घरातलं हवं."

"बॉयलर ने. इस्त्र्या ने."

"ती लोखंडं आमच्या हातात टिकत नाहीत, वितळतात."

"मग मला ने!" आत्या म्हणाली, आणि या वेळी आवाज मोठा नव्हता. "म्हातारी आहे, पण घरातलीच आहे. तो राहू दे. त्याचं अजून काही झालेलं नाही. त्याला अजून चादरीची घडीसुद्धा येत नाही."

"येते," धाकटा गळ्यापासून वर उरला होता, तिथून म्हणाला. शिट्टीसारखा आवाज. "आडवी आधी. उभी म्हणतेय ना ही, तिचं चुकतंय."

"हो रे," थोरली रडत म्हणाली. "आडवीच. आडवीच घालू."

राक्षस आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता. "आत्याबाई, तुम्हाला नेलं तर आमचे लोक मला घरात घेणार नाहीत."

काटा थरथरला. बॉयलरनं शेवटचा सुस्कारा टाकला. धाकट्याची हनुवटी गेली. आत्यानं दोन्ही हात पुढे केले, पण धरायला काही नव्हतं. तिच्या तळव्यांवर नुसतं दव जमलं, कोमट. लहानपणी तापात त्याच्या कपाळावर हात ठेवला की लागायचं तसं.

"सोड रे त्याला," ती म्हणाली. गयावया हा प्रकार तिनं आयुष्यात केला नव्हता, त्यामुळे तो तिला नीट जमलाही नाही. "सोड. मी तुला शब्द देते..."

ती पुढे म्हणणार होती की शब्द देते, पुन्हा कुणाला वेडंवाकडं बोलणार नाही. बरं झालं म्हणाली नाही. ते पाळणं तिला मेल्यावरही जमलं नसतं.

कारण राक्षसाचे डोळे एकदम उजळले. "शब्द देता? मला? कुठला?"

आत्या थांबली. काउंटरमागे इतकी वर्षं काढलेली बाई ती. समोरच्याला काय हवंय हे त्याच्या आधी तिला कळायचं. तिनं पदर सावरावा तसा चेहरा सावरला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "तुला कुठला हवा?"

राक्षस लाजला. एवढा छताला टेकणारा राक्षस, काळ्या तोंडानं लाजला!

"तोच," तो म्हणाला. "जाताना म्हणालात तो. आम्हाला सगळे जा म्हणतात. मंत्र कुठलाही घ्या, अर्थ एकच, जा. तो दुसरा मला कुणी कधी म्हणालं नव्हतं. वर्षभर माझ्या कानात घोळत होता. तुमच्या घरातलाच आहे, हातातही मावेल. पण देऊन टाकलात तर तुमच्याकडे राहणार नाही, हे सांगून ठेवतो."

"आत्या, दे!" थोरली किंचाळली.

आत्यानं डोळे मिटले. जिभेवर आला तेव्हा तो तिला पहिल्यांदाच जाणवला. इतकी वर्षं तोंडातून जात होता, पण वजन कधी कळलं नव्हतं. गोळीसारखा गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेला, ऊबदार.

"या," ती म्हणाली.

राक्षसाच्या ओंजळीत काहीतरी टपकलं. त्यानं मूठ मिटली. त्याच क्षणी काटा टेकला, आणि धाकटा छतापासून खाली धपकन पडला! सबंध! पिळायचा राहिलेल्या ब्लँकेटसारखा चिंब, पण बोटं, नखं, हनुवटी, वादग्रस्त मिशी, सगळं जागच्या जागी. थोरलीनं त्याला कवटाळलं आणि लगेच एक चापटही मारली. दोन्ही आवश्यक होतं.

"निघतो," राक्षस म्हणाला. मूठ छातीशी धरून तो दाराकडे गेला. आत्या त्याच्या मागोमाग गेली. पाय आपोआपच गेले. तो पायरी उतरायला लागला. आणि तिची जीभ, ती शहाणी जीभ, मऊ झाली, मान कलली, तोंड उघडलं आणि...

"हं!" आत्या म्हणाली.

एवढंच निघालं. थोरलीनं भिंत धरली. शब्द आधीच देऊन झाला नसता, तर आत्यानं त्याला तिथल्या तिथे पुन्हा बोलावलं असतं!

आता वाटेल, गोष्ट संपली. पोरगं वाचलं, राक्षस गेला, चादरी पुन्हा धुवून, आडवी घडी घालून, मॅनेजरला पोहोचल्या. पण दुसऱ्या दिवसापासून आत्याची जी काही पंचाईत सुरू झाली!

गिऱ्हाईक पायरी उतरायचं आणि आत्या मागून "हं!" करायची. कुणी म्हणे दमा झाला. कुणी म्हणे गर्व झाला. तिनं "ये" म्हणून पाहिलं, तर निवृत्त मास्तर पाय आपटत निघून गेले: "मला अरेतुरे?" मग तिनं "पुनरागमन करा" असं म्हणून पाहिलं. लोकांना वाटलं, दुकानात नाटकाची तालीम चालते. हळूहळू हँगर रिकामे राहायला लागले.

आणि एका सकाळी समोरच्या बंद गाळ्याचं शटर वर गेलं. नवी लाँड्री! मालक उंचापुरा, पांढराशुभ्र शर्ट, बाहीची घडी अशी की बोट कापेल. आसपास कायम थोडं धुकं. कानामागे किंचित काजळी, धुवायची राहिलेली. बोलावणं आता त्याच्याच मुठीत होतं, दुसऱ्या कुणी बोलवायची गरज उरली नव्हती. दारात उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होता, थेट आत्याच्या चालीत, त्याच मऊ आवाजात, "या! या हं! परत या!"

सगळी गिऱ्हाइकं तिकडे. मास्तर तर सकाळ-संध्याकाळ.

"मंत्र म्हणू का?" धाकट्यानं विचारलं. थोरलीनं हातसुद्धा पुढे केला.

"काही नको!" आत्या गरजली. "मी जाते. राक्षस घालवायला काय लागतं? तोंड!" आणि झाडू घेऊन रस्ता ओलांडून गेली. बऱ्याच वेळानं आली. झाडू तिकडेच विसरली होती. दुसऱ्या दिवशी झाडू आणायला गेली. तिसऱ्या दिवशी काहीतरी बोलायचं राहिलं होतं म्हणून गेली. रोज भांडायलाच जाते, असं ती सांगायची.

मग एकदा कपाट आवरताना थोरलीला आत्याचे कपडे दिसले. कडक इस्त्री, कोपऱ्याला कोपरा जुळलेला, आणि प्रत्येकाला टाचलेली समोरच्या दुकानाची चिठ्ठी!

"आत्या!"

आत्यानं चिठ्ठीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग छताकडे. पळायला जागा नव्हती.

"तो म्हणतो ना ग," ती शेवटी म्हणाली, "ते. माझंच. मला काही आता म्हणता येत नाही. निदान ऐकायला तरी जाते."

आत्यानं कपडे तिच्या हातातून ओढून घेतले आणि कपाटात परत रचले, हळूच, घडी न मोडता.

"शिवाय," ती म्हणाली, "कॉलर बरी करतो मेला!"